७४२ ओळींची मेथड आणि फेब्रुवारीचे ३०० रुपये

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई,

मी नाशिकच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत अडीच वर्षांपासून जावा डेव्हलपर आहे. आमचं पेरोलचं सॉफ्टवेअर आहे, आसपासचे बरेच कारखाने ते वापरतात. पगार काढणारी मुख्य मेथड, म्हणजे ते काम करणारा नाव दिलेला कोडचा भाग, ७४२ ओळींची आहे आणि मला तिच्यात रात्रपाळी भत्ता घालायचा आहे. 'ग्रॉस' नावाचं, एकूण पगार साठवणारं व्हेरिएबल पाच ठिकाणी बदलतं, त्यात भत्ता नक्की कुठे मिळवायचा तेच कळत नाही. तीन दिवस नुसती वाचतेय. खाली येईपर्यंत वरचं विसरते.

मागच्या वर्षी आमच्यातल्या एकाने शनिवार-रविवार बसून या मेथडचे ६३ तुकडे केले होते. महिनाअखेरीला काही जणांच्या स्लिपवर दुसऱ्याचाच पीएफ आला आणि सगळं मागे घ्यावं लागलं. तेव्हापासून मॅनेजर रिफॅक्टरिंगचं, म्हणजे काम तेच ठेवून कोडची मांडणी सुधारण्याचं, नावही काढू देत नाहीत. मूळ कोड लिहिणारे सर शेजारच्याच रांगेत बसतात. ते म्हणतात, "नऊ वर्षं चालतंय, हात लावू नकोस. आणि इतक्या मेथड केल्यास तर स्लो होईल."

मेथड २० ओळींपेक्षा मोठी नसावी असं मी वाचलंय. ते खरं का? हे काम करू की नको? केलं तर कुठून सुरू करू? सरांना काय सांगू? आणि एक, तुकडे पाडायला बसले की नाव देतानाच माझं घोडं पेंड खातं. त्याला काय उपाय?

एक वाचक, नाशिक

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

वयाने लहान आहेस म्हणून 'तू' म्हणते.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तू सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारलास. नाव सुचत नाही, हाच. मी तिथूनच सुरू करते, कारण बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

मीही पेरोलच्या कोडमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगते. व्यवसाय कराचा, म्हणजे आपल्या पीटीचा भाग एका भल्यामोठ्या मेथडच्या पोटात होता. पगार १०,००० च्या वर असेल तर कापायचे २०० रुपये, आणि त्याच्या आत आणखी एक 'इफ': महिना दुसरा असेल तर ३००. शेजारी कॉमेंट नाही, काही नाही. मला वाटलं, कुठल्यातरी एका क्लायंटसाठी कधीतरी केलेली तडजोड राहून गेली असणार. मी तो 'इफ' काढला आणि सगळीकडे २०० केले. ज्याने रिव्ह्यू केला तोही माझ्याएवढाच नवा. तो जून महिना होता. पुढचे आठ महिने काहीही झालं नाही. फेब्रुवारीच्या स्लिपा निघाल्या आणि एका कारखान्याच्या अकाउंट्समधल्या बाईंचा फोन आला, "अहो, फेब्रुवारीचे तीनशे कुठे गेले?"

त्यांनी मला फोनवरच समजावलं. राज्यघटनेच्या कलम २७६ प्रमाणे एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नाही. महाराष्ट्रात अकरा महिने २०० प्रमाणे २,२०० होतात, आणि उरलेले ३०० फेब्रुवारीत कापून २,५०० पुरे करतात. पगारपत्रकावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा हिशेब तोंडपाठ असतो. आमच्या कोडमध्ये मात्र तो बिननावाचा ३०० होऊन पडला होता. त्या महिन्यात प्रत्येक माणसामागे १०० रुपये कारखान्याने आधी स्वतः भरले आणि मार्चच्या पगारातून वसूल केले. कामगारांना त्याचं कारण सांगायला त्या बाईंना गेटवर उभं राहावं लागलं. चूक माझी होती आणि तिचं मला आजही वाईट वाटतं.

तो 'इफ' जर 'फेब्रुवारीत उरलेला व्यवसाय कर' अशा नावाच्या चार ओळींच्या मेथडमध्ये असता, तर माझा हात तिथपर्यंत गेलाच नसता. म्हणून मी तुला म्हणते: मोठी मेथड फोडायची ती नावासाठी. जिथे नाव सुचतं तिथेच काप दे. नाव सुचत नसेल तर एकतर तुला तो भाग अजून कळलेला नाही, किंवा तू चुकीच्या जागी कापते आहेस. घोडं पेंड खातं ते योग्य ठिकाणीच खातं. तो इशारा समज आणि तिथे थांब.

२० ओळींचा नियम मी पाळत नाही. ओळी मोजून काही कळत नाही, फाटे मोजून थोडं कळतं. टॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये यासाठी एक माप सुचवलं. कोडमध्ये जितके निर्णय आहेत तितके मोजायचे, म्हणजे 'इफ', लूप, 'केस' वगैरे, आणि त्यात एक मिळवायचा. हा आकडा साधारण १० च्या आत राहावा असं त्यांचं म्हणणं होतं. तुमच्या मेथडचं हे माप काढून बघ. सोनारक्यूबसारखं कोड तपासणारं टूल असेल तर ते लगेच सांगेल. तीन आकडी निघाला तर तीन दिवस वाचूनही तुला का समजलं नाही ते कळेल, आणि स्वतःला दोष देणं थांबवशील. उलट पगाराची पीडीएफ भरणारी ९० ओळींची एखादी मेथड असेल, वरून खाली सरळ जाणारी, एकही फाटा नसलेली, तर तिला खुशाल राहू दे. ती लांब आहे, पण वाचताना काही डोक्यात धरून ठेवावं लागत नाही.

आता ६३ तुकड्यांचं. तू लिहिलं आहेस त्यावरून माझा अंदाज सांगते, आणि तो बहुधा बरोबर निघेल. ७४२ ओळींच्या मेथडमध्ये वरच्या बाजूला तीस-चाळीस व्हेरिएबल जाहीर केलेले असतात. तुकडे पाडायला गेलं की प्रत्येक तुकड्याला त्यातले आठ-दहा हवे असतात. एवढी पॅरामीटरची, म्हणजे मेथडला बाहेरून द्यायच्या किमतींची, माळ नको वाटते, म्हणून माणूस ते सगळे व्हेरिएबल क्लासच्या वर नेऊन ठेवतो. लगेच प्रत्येक मेथडचा कंस रिकामा होतो आणि दिसायला सुंदर दिसतं. पण आता प्रत्येक मेथड गुपचूप त्या सामाईक गाठोड्यातून घेते आणि त्यातच टाकते. कोण कोणाच्या आधी चाललं पाहिजे हे कुठेही लिहिलेलं नाही. आणि तुम्ही स्प्रिंग ही जावाची तयार चौकट वापरत असाल तर त्या क्लासची एकच वस्तू सगळ्यांमध्ये वाटली जाते, तो स्प्रिंगचा मूळ रिवाजच आहे. महिनाअखेरीला शेकडो माणसांचे पगार एकाच वेळी वेगवेगळ्या थ्रेडवर, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यांवर, निघतात. एकाचा पीएफ त्या सामाईक जागी लिहिला जातो, तो वाचून होण्याआधी दुसरा थ्रेड तिथे आपला आकडा लिहून जातो. डेव्हलपरच्या मशीनवर एकेक पगार काढून बघताना हे कधीच दिसत नाही. तुमच्या त्या सहकाऱ्याने मेहनत केली, यात मला शंका नाही. जुन्या मेथडची एक चांगली बाजू मात्र त्याच्या हातून गेली: तिचे व्हेरिएबल तिच्या आतच जन्मायचे आणि आतच संपायचे.

तेव्हा पहिली अट ही, की व्हेरिएबल क्लासवर चढवायचा नाही. प्रत्येक तुकड्याला जे हवं ते पॅरामीटरमधून दे आणि जे उत्तर आहे ते परत घे. पॅरामीटर फार झाले तर त्यांच्याकडे नीट बघ, त्यातले चार-पाच नेहमी जोडीने फिरताना दिसतील. भरलेले दिवस, बिनपगारी रजा, ओव्हरटाइमचे तास हे तीन कायम एकत्र असतात ना? ती 'हजेरी' आहे. तिचा छोटा क्लास कर. म्हणजे पॅरामीटर कमी झाले आणि कोडला एक शब्दही मिळाला.

पण कापाकापीच्या आधी एक काम आहे आणि ते चुकवू नकोस. मेथड आज जे करते ते टिपून ठेव, बरोबर-चूक न ठरवता. मायकेल फेदर्स यांनी याला कॅरेक्टरायझेशन टेस्ट असं नाव दिलंय. मागच्या बारा महिन्यांची माहिती घे, कामगारांची नावं आणि खाते क्रमांक बदलून टाक, जुन्या कोडमधून सगळे पगार काढ आणि प्रत्येक स्लिपचा प्रत्येक आकडा एका फाइलमध्ये साठव. प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालव आणि दोन्ही फाइली जुळवून बघ. एका पैशाचाही फरक दिसला तर थांबायचं.

बारा महिने मुद्दाम म्हणतेय. फेब्रुवारी का, ते वर सांगितलंच. एप्रिल आणि ऑक्टोबरही हवेत, कारण ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, वर्गणी सहा-सहा महिन्यांच्या कालावधीने चालते. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मधेच कोणाचा पगार २१,००० ची मर्यादा ओलांडून गेला, तरी तो कालावधी संपेपर्यंत कपात चालूच ठेवावी लागते. जुलैत पगारवाढ झालेला एक माणूस तुझ्या माहितीत असलाच पाहिजे. २५,००० च्या जरा खालची आणि जरा वरची अशा दोन महिला घे, कारण एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. महिन्याच्या मधेच रुजू झालेला, मधेच सोडून गेलेला आणि पूर्ण महिना बिनपगारी असलेला असा एकेक माणूस घे. हे शोधताना तुला पेरोल जितकं कळेल तितकं कोड वाचून सहा महिन्यांत कळणार नाही.

यात एक अडचण येईल. मेथडच्या पोटात कुठेतरी 'आजची तारीख' विचारलेली असेल. मग आज आणि उद्या उत्तर वेगळं, आणि जुळवणी व्यर्थ. ती तारीख पॅरामीटर म्हणून बाहेरून दे. मधेच डेटाबेसमध्ये लिहिणारी ओळ असेल तर ती शेवटाला नेता येते का बघ. हे दोन बदल टेस्टशिवायच करावे लागतील, म्हणून सरांना शेजारी बसवून कर.

मग खरं काम, आणि तुझ्या ग्रॉसच्या प्रश्नाचं उत्तर. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

ते व्हेरिएबल पाच ठिकाणी बदलतं कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी नांदतायत. सुरुवातीला त्यात बेसिक, डीए आणि एचआरए असेल. मग बिनपगारी रजेचे पैसे वजा झाले असतील. मग ओव्हरटाइम मिळवला असेल. आता ईएसआयचा नियम आठव. एखादा कामगार २१,००० च्या आत बसतो का हे बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत. पण तो आत बसला, तर ०.७५ टक्के कपात मात्र ओव्हरटाइम धरून होत आली आहे. म्हणजे ओव्हरटाइम मिळवण्याच्या आधीचा ग्रॉस आणि नंतरचा ग्रॉस या कायद्याने वेगळ्या ठरवलेल्या दोन रकमा आहेत. तुमच्या कोडमध्ये त्यांना वेगळं ठेवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ओळींचा क्रम. कोणी दोन ओळींची अदलाबदल केली की एखाद्या कामगाराचा दवाखान्याचा हक्क जाऊ शकतो. तुला भत्ता कुठे मिळवायचा ते कळत नाही, ते यामुळे.

म्हणून पहिला काप देण्याआधी ग्रॉसची नावं वेगळी कर. जिथे-जिथे त्याला नवी किंमत दिली जाते तिथे नवा व्हेरिएबल, नव्या नावाने: 'पूर्ण महिन्याचं वेतन', 'हजेरीप्रमाणे वेतन', 'ईएसआय मर्यादेसाठी वेतन', 'ईएसआय कपातीसाठी वेतन'. प्रत्येकाला 'फायनल' लाव, म्हणजे पुढे कुणी बदलायला गेलं तर कंपायलरच अडवेल. नुसतं एवढं केलंस तरी ती ७४२ ओळींची मेथड वाचता येऊ लागेल, एकही तुकडा न पाडता. आणि रात्रपाळी भत्त्याचा प्रश्न अकाउंट्सच्या लोकांना विचारता येईल असा होईल: हा भत्ता कोणत्या वेतनात धरायचा, पीएफच्या, ईएसआयच्या, की फक्त हातात पडणाऱ्या पगारात? याचा निर्णय तू घ्यायचा नाहीस. तो त्यांनी लिहून द्यायचा.

यानंतर वर जाहीर केलेले बाकीचे व्हेरिएबल एकेक करून जिथे पहिल्यांदा लागतात तिथे खाली आण. कंटाळवाणं काम आहे, पण यातूनच तुकडे आपोआप दिसायला लागतात. ज्या पंचवीस ओळींना वरून दोन गोष्टी लागतात आणि ज्यांच्यातून एकच आकडा बाहेर पडतो, तो भाग सुटायला तयार झालेला असतो. तो हाताने कापून चिकटवू नकोस. इंटेलिजेमध्ये ओळी निवडून कंट्रोल-ऑल्ट-एम दाब, एक्लिप्समध्ये ऑल्ट-शिफ्ट-एम. पॅरामीटर कोणते, उत्तर कोणतं हे टूल स्वतः शोधतं आणि त्यात माणसासारखी चूक करत नाही. एकाहून जास्त उत्तरं बाहेर पडत असतील तर ते अडून बसेल किंवा नवा क्लास सुचवेल. तो अडथळा म्हणजे तुझ्यासाठी माहिती आहे: तू दोन कामं एकत्र उचलली आहेस. एक तुकडा, मग फाइल जुळवणी, मग कमिट, म्हणजे त्या बदलाची नोंद. दिवसाला तीन तुकडे झाले तरी पुष्कळ झाले.

तुकडा वेगळा झाला की आतलं 'इफ'मधलं 'इफ' सोडवायला सोपं जातं. पीटीच्या मेथडमध्ये आता पहिल्याच ओळीला म्हणता येतं, महिला असेल आणि पगार २५,००० पर्यंत असेल तर शून्य, संपलं. मोठ्या मेथडमध्ये असं मधूनच परत फिरता येत नव्हतं, म्हणून तर ते उजवीकडे सरकत गेलेले कंस तयार झाले होते.

एक मोह टाळ. पीएफची आणि ईएसआयची कपात तुला सारखी दिसेल: दोन्हीकडे वेतन, मर्यादा, टक्केवारी, पूर्णांक करणं. दोन्हींची मिळून एक मेथड करावीशी वाटेल. करू नकोस. पीएफचा आकडा जवळच्या रुपयाला नेतात, ईएसआयचा वरच्या रुपयाला. २०,४५० वर ०.७५ टक्के म्हणजे १५३ रुपये ३७ पैसे आणि वर थोडं. ईएसआयमध्ये त्याचे १५४ होतात, पीएफच्या रीतीने १५३ झाले असते. मर्यादाही वेगळ्या अर्थाच्या. पीएफची मर्यादा सप्टेंबर २०१४ मध्ये ६,५०० वरून १५,००० झाली. पगार तिच्या वर गेला म्हणून चालू असलेला पीएफ बंद होत नाही. ईएसआयमध्ये माणूस कालावधी संपल्यावर बाहेर पडतो. दिसायला सारखे, पण हे दोन कायदे वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या कारणांनी बदलतात. त्यांना दोन मेथड राहू देत.

जुना मेलेला कोड सापडला, एखादा फ्लॅग, म्हणजे चालू-बंद करायची खूण, जो आता कोणीच चालू करत नाही, तर त्याचीही सुबक मेथड करत बसू नकोस. सरांना विचार आणि काढून टाक. गिटमध्ये, म्हणजे बदलांच्या इतिहासात, तो आहेच. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या नाइट कॅपिटल या कंपनीत असा एक वापरात नसलेला भाग राहू दिला होता. २००५ मध्ये तिथल्या लोकांनी त्या भागातलं, किती शेअर घेऊन झाले ते मोजणारं काम कोडमध्ये दुसरीकडे हलवलं आणि तो भाग पुन्हा तपासला नाही, कारण तो वापरातच नव्हता. २०१२ मध्ये त्याचाच जुना फ्लॅग नव्या कामासाठी वापरला. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहून गेला होता. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि त्या सर्व्हरवर तो जुना भाग जागा झाला. मोजणी हलवलेली, त्यामुळे त्याला थांबायचं कळेना. ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. मॅनेजरांची भीती मला खोटी वाटत नाही ती यामुळे. कोड नुसता 'हलवणं' हेही धोक्याचं काम आहे, आणि आधी टेस्ट ही माझी अट त्याचसाठी आहे.

वेगाबद्दल सरांना एक गोष्ट दाखव. जावाचं हॉटस्पॉट मशीन वारंवार चालणारा कोड ओळखून त्याचं थेट यंत्रभाषेत रूपांतर करतं, आणि छोट्या मेथड बोलावणाऱ्या जागीच उतरवून घेतं, त्यामुळे बोलावण्याचा खर्च बहुतेक वेळा उरतच नाही. पण एखाद्या मेथडचा बाइटकोड, म्हणजे कंपायलरने केलेलं तिचं रूप, ८,००० बाइटच्या वर गेला, तर मूळ सेटिंगप्रमाणे ते तिला हातच लावत नाही. ती कायम सावकाशीच्या मार्गानेच चालते. ७४२ ओळी त्या मर्यादेच्या आसपास असू शकतात. जावापी हे टूल चालवून बाइटकोडचा आकडा सरांसोबतच बघ. वर असेल तर तुकडे पाडल्याने पेरोल उलट जलदच होईल. खाली असेल तरी तुकड्यांनी जाणवण्यासारखा फरक पडणार नाही. पगार काढताना खरा वेळ डेटाबेसकडे जातो.

आता सरांचं. तू पत्रात त्यांच्याबद्दल वाईट एक शब्दही लिहिला नाहीस, ते मला आवडलं. ७४२ ओळींची मेथड कोणी बसून लिहीत नाही. पहिल्या वर्षी ती शंभर ओळींची असेल आणि छान असेल. मग कायदा बदलला, पाच ओळी. एका कारखान्याला धुलाई भत्ता हवा, आठ ओळी. प्रत्येक वेळी महिनाअखेर तोंडावर, आणि प्रत्येक वेळी पाच ओळी घालणं हाच शहाणपणाचा निर्णय होता. त्या माणसाने नऊ वर्षं शेकडो घरांचे पगार वेळेवर काढले आहेत. त्यांच्यासमोर 'घाण कोड', 'स्पगेटी' हे शब्द चुकूनही काढू नकोस.

त्यांच्याकडे प्रश्न घेऊन जा. रोज दुपारच्या चहाला एक ओळ घेऊन जा आणि विचार, "सर, हा ०.०१ इथे का मिळवलाय?" ते सांगतील, आणि त्यामागे बहुधा एक फोन असेल, एक रात्र असेल, एखादा चिडलेला क्लायंट असेल. ते ऐक. त्याच दिवशी त्यांनी वापरलेल्या शब्दांतच त्या ओळींना नाव दे आणि त्यांना दाखव. नऊ वर्षं जे त्यांच्या एकट्याच्या डोक्यात आहे ते पहिल्यांदाच कोडमध्ये लिहिलं जाईल. उद्या ते निवृत्त झाले किंवा आजारी पडले तर कंपनीकडे काय उरणार आहे, हे मी त्यांना सांगायची गरज नाही. त्यांनाही रात्री तीच काळजी वाटत असणार. रिव्ह्यूही त्यांच्याकडेच दे, माझ्यासारखा बरोबरीच्या नवख्याकडे देऊ नकोस.

मॅनेजरांच्या पाठीमागे काही करू नकोस. लपवून केलेलं रिफॅक्टरिंग बिघडलं तर तुझ्यावरचा विश्वास जाईल, आणि त्या कोडला पुन्हा कोणीच हात लावू देणार नाही. पण 'रिफॅक्टरिंगसाठी दोन आठवडे द्या' असंही मागू नकोस. भत्त्याच्या कामाचा अंदाज देतानाच सांग: भत्ता ज्या वेतनाच्या भागाला लागतो तेवढाच भाग मी आधी वेगळा करणार, बारा महिन्यांच्या सगळ्या स्लिपा जुन्या-नव्या कोडमधून काढून शून्य फरक दाखवणार, आणि मगच भत्ता घालणार. रिफॅक्टरिंगचे कमिट वेगळे आणि भत्त्याचा कमिट वेगळा असेल, म्हणजे काही झालंच तर भत्ता तेवढा मागे घेता येईल. शून्य फरकाची फाइल उघडून दाखवलीस की बोलणं फार करावं लागत नाही, हा माझा अनुभव आहे. कर्जाच्या हप्त्याचा भाग, ग्रॅच्युइटीचा भाग, ते सगळं तसंच जुन्या मेथडमध्ये राहू दे. त्यांना हात लावायचं काम येईल तेव्हा त्यांची पाळी. ७४२ च्या ४५० झाल्या तरी चालतील.

राहिलं नावाचं. उपाय एकच करून बघ: पगाराची स्लिप छापून मॉनिटरला चिकटव. तिच्यावर जे शब्द आहेत तीच तुझ्या वरच्या मेथडमधली नावं. काम झाल्यावर ती मेथड साधारण अशी वाचता आली पाहिजे:

हजेरी मोज
हजेरीप्रमाणे वेतन काढ
पीएफ काप
ईएसआय काप
व्यवसाय कर काप
कर्जाचे हप्ते वजा कर
हातात येणारा पगार काढ

स्लिपवर नसलेल्या पोटमेथडची नावं अकाउंट्सच्या लोकांच्या तोंडून घे. तुमच्याकडे इंग्रजीत नावं लिहायची पद्धत असेल तर इंग्रजीत लिही, पण त्यांच्याच शब्दाचं इंग्रजी कर. ते 'पीटी' म्हणत असतील तर कोडमध्ये 'स्टेट लेव्ही' आणू नकोस. 'प्रोसेस', 'हँडल', 'डू स्टेप टू' ही नावं टूलने सुचवली तरी घेऊ नकोस. नाव देताना मधे 'अँड' घालावासा वाटला तर तिथे आणखी एक काप आहे. आणि दहा मिनिटं विचार करूनही नाव सुचलं नाही, तर कंट्रोल-झेड करून तो भाग होता तसा ठेव, वर एक ओळ कॉमेंट लिही, 'हे काय आहे, सरांना विचारायचं', आणि पुढच्या तुकड्याकडे जा.

काम जानेवारीच्या आत झालं तर फेब्रुवारीच्या स्लिपा निघतील त्या दिवशी अकाउंट्समध्ये स्वतः जाऊन बस आणि पहिल्या दहा स्लिपांवरचे ३०० मोजून ये.

तुझी,
ताई